रुग्णाची उजवी बाजू

शरीररचनाशास्त्रातला माणूस कायम उभा असतो. ताठ, नजर समोर, पाय जुळवलेले, हात अंगालगत सोडलेले आणि तळवे पुढे वळवलेले. प्रत्यक्षात तो खाटेवर आडवा असेल, होडीत उकिडवा बसून जाळं सांधत असेल, माडावर चढलेला असेल, नाहीतर शवविच्छेदनाच्या टेबलावर पालथा असेल. त्याच्याविषयी बोलायचं तर आधी त्याला मनात उभं करायचं आणि मग तोंड उघडायचं. डोक्याकडची ती वरची बाजू, पायांकडची ती खालची. छातीकडची पुढची, पाठीकडची मागची. झोपलेल्या माणसाचं डोकंसुद्धा त्याच्या छातीच्या वरच. आणि उजवं-डावं त्याचं. समोरच्या डॉक्टरचं नाही, बघणाऱ्याचं नाही, चित्र काढणाऱ्याचं नाही.

देवगड तालुक्यात किनाऱ्यालगतच्या एका गावात माझा दवाखाना आहे, आणि आठवड्यातून एकदा नर्सिंगच्या मुलींना शरीररचना शिकवायला मी जाते. पहिल्या तासाला हाडांची नावं येत नाहीत, दिशा येतात. मुली लगेच वह्या काढतात, कारण हा भाग यादी करून पाठ करायचा असं वरच्या वर्गातल्या मुलींनी त्यांना सांगितलेलं असतं. मी वह्या मिटायला लावते. दोघी-दोघींना समोरासमोर उभं करते आणि सांगते, समोरचीच्या उजव्या खांद्याला उजवा हात लावा. हात सरळ पुढे जातो तो तिच्या डाव्या खांद्याकडे. उजव्या खांद्याला हात लावायचा तर तो आडवा न्यावा लागतो, स्वतःच्या अंगावरून पलीकडे. ही हालचाल दहा-बारा वेळा झाली की मग वह्या उघडतो. कारण या विषयाचा सगळा जीव त्या आडव्या जाणाऱ्या हातात आहे: आपलं अंग बाजूला ठेवून दुसऱ्याच्या अंगावरून जग मोजायचं.

त्यांच्यातल्या कितीतरी जणींच्या घरी होड्या आहेत, म्हणून त्यांना हे पटायला वेळ लागत नाही. रात्री बंदरात शिरणाऱ्या ट्रॉलरच्या उजव्या अंगाला हिरवा दिवा असतो, डाव्या अंगाला तांबडा. ट्रॉलर समोरून येत असला तर हिरवा दिवा धक्क्यावरच्या माणसाच्या डाव्या हाताला दिसतो. म्हणून काही ट्रॉलरची उजवी बाजू डावी होत नाही. ती ट्रॉलरची आहे, तो कुठूनही बघा.

हातापाशी आलं की मात्र गोष्ट गुंतागुंतीची होते, आणि मला हात फार आवडतो म्हणून मी तिथे रेंगाळते.

मागे एकदा एक वयस्क रापणकर दवाखान्यात आले. जाळ्यात गुंतलेला दोर कापताना सुरी निसटून उजव्या मनगटावर बसली होती. घरच्यांनी पंचा घट्ट गुंडाळून आणलं होतं. रक्त थांबलेलं, जखम बोटभर लांबीची, बघणाऱ्याला किरकोळ वाटावी अशी. मी म्हटलं, “तात्यानू, हात वायच उलटो करा.” त्यांनी तळवा वर केला. जखम तळव्याच्या बाजूला होती, करंगळीच्या अंगाला, मनगटाच्या घडीपासून तीनएक सेंटिमीटर कोपराकडे. मी कापसाची वात घेऊन बोटांवरून फिरवायला लागले. अंगठा, तर्जनी, मधलं बोट, सगळं ठीक. अनामिकेच्या अर्ध्या बाजूपर्यंत कळत होतं, उरलेल्या अर्ध्यावर नाही. करंगळीवर तर काहीच नाही. ते स्वतःच्या करंगळीकडे बघत म्हणाले, “बाय, ह्या बोट माजा नाय असा वाटता.” मग दोन बोटांच्या मध्ये कागद धरायला सांगितला. मी ओढला तो अलगद निघून आला.

अल्नर नर्व्ह, म्हणजे करंगळीच्या अंगाची मज्जातंतूची नस, कापली गेली होती. ही नस कोपराच्या आतल्या बाजूने येते (कोपर आपटल्यावर जी झिणझिणी करंगळीपर्यंत जाते ती हीच) आणि मनगटापाशी तळव्यात शिरते. पण मला अजून एक गोष्ट बघायची होती. मी त्यांचा हात पालथा केला आणि हाताच्या मागच्या बाजूला, करंगळीच्या मुळाकडे, कापूस टेकवला. तिथे त्यांना कळत होतं. याचं कारण असं की या नसेची एक फांदी मनगटाच्या साधारण पाच ते आठ सेंटिमीटर अलीकडे, कोपराच्या बाजूलाच सुटते आणि वळून हाताच्या मागे जाते. ती शाबूत आहे, म्हणजे घाव त्या फाट्याच्या पुढे, बोटांकडे बसलेला आहे. हाताची मागची बाजूही बधिर असती तर घाव वर कुठेतरी आणखी खोल गेलाय का, हे शोधावं लागलं असतं. कापसाच्या एका स्पर्शावरून घावाची जागा पक्की झाली.

हात-पायांच्या बाबतीत वर-खाली न म्हणता प्रॉक्सिमल आणि डिस्टल म्हणतात ते यासाठीच. पाठ्यपुस्तकातले शब्द समीपस्थ आणि दूरस्थ; दवाखान्यात दोन्ही चालतात. अवयव जिथे धडाला जोडलेला आहे त्या मुळाजवळचं ते प्रॉक्सिमल, मुळापासून लांबचं ते डिस्टल. हात डोक्यावर उचलला की बोटं खांद्याच्या वर जातात, पण ती खांद्याहून डिस्टलच राहतात. आणि हे नुसतं नाव नाही, त्यावर माणसाचे महिने अवलंबून असतात. कापलेली नस जोडल्यावर तिचे तंतू घावापासून बोटांकडे वाढत जातात, दिवसाला साधारण एक मिलिमीटर. मनगटापाशी घाव असेल तर तळव्यातल्या स्नायूंपर्यंत पोचायला काही महिने. तोच घाव कोपराला बसला असता तर अंतर कितीतरी पट वाढलं असतं, आणि तोवर वाट बघून ते छोटे स्नायू वाळून गेले असते. “जखम मनगटाच्या घडीपासून तीन सेंटिमीटर प्रॉक्सिमल” हे चिठ्ठीतलं वाक्य पुढच्या सर्जनला कापायच्या आधीच बरंच काही सांगतं. त्या पातळीवर अल्नर रक्तवाहिनी नसेच्या शेजारीच, अंगठ्याच्या अंगाला असते, हेही त्याला आठवतं.

आता त्या पुढे वळवलेल्या तळव्यांविषयी. कुणी असं उभं राहत नाही. आपण सहज उभे राहिलो की तळवे मांड्यांकडे असतात. मग ही अवघडलेली ढब का निवडली? कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडं असतात: अंगठ्याकडचं रेडिअस, करंगळीकडचं अल्ना. तळवा पुढे असला की ती शेजारीशेजारी, समांतर असतात. तळवा मागे फिरवला की रेडिअस अल्नाला ओलांडून जातं आणि हाडांची फुली होते. मग ‘आतली बाजू’ म्हणजे कुठली, यावर दोन शहाणी माणसंही भांडतील. तळवे पुढे म्हटलं की वाद मिटतो: करंगळी शरीराच्या मध्यरेषेकडे, म्हणून मीडियल, अंगठा मध्यरेषेपासून लांब, म्हणून लॅटरल. तरीही हाताच्या बाबतीत मी मुलींना रेडिअल आणि अल्नर बाजू असंच म्हणायला शिकवते. हाड कुठेही फिरलं तरी अंगठा रेडिअसच्याच अंगाला राहतो.

पायाचं नेमकं उलट. हाताचा अंगठा बाहेरच्या बाजूला, तर पायाचा अंगठा आतल्या. गर्भात हात-पाय कोंबासारखे फुटतात तेव्हा दोघांचेही अंगठे डोक्याकडे असतात. मग सहाव्या ते आठव्या आठवड्याच्या सुमारास हात बाहेरच्या बाजूला वळतो आणि पाय आतल्या. म्हणून कोपर मागे आलं आणि गुडघा पुढे. म्हणूनच पावलाच्या ज्या बाजूवर पाऊस पडतो तिला डॉर्सम, म्हणजे पावलाची पाठ म्हणतात. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ते चमत्कारिक वाटतं, पण ती खरंच पाठच आहे, जन्माआधी पुढे वळलेली. लावणीच्या दिवसांत किंवा काजूच्या बागेत फुरसं डसतं ते पुष्कळदा याच पाठीवर नाहीतर घोट्यापाशी. तेव्हा आम्ही सुजेच्या कडेवर पेनाने रेघ मारतो आणि शेजारी वेळ लिहितो. काही वेळाने सूज रेघेच्या प्रॉक्सिमल गेली का, ते बघायचं. पायावरच्या त्या निळ्या रेघा पुढच्या दवाखान्यातला डॉक्टर न सांगता वाचतो.

आमच्या भागात ‘पुढचा दवाखाना’ म्हणजे बऱ्याचदा गोव्यातलं बांबोळी. कधी ओरोस, कधी कोल्हापूर. रुग्ण मालवणीत सांगतो, मी मराठीत विचारते, चिठ्ठी इंग्रजीत जाते, आणि ती वाचणारा निवासी डॉक्टर कोकणी, मल्याळी किंवा हिंदी बोलणारा असू शकतो. इतक्या हातांतून जाऊनही घाव त्याच जागी राहायला हवा. त्या रापणकरांना बांबोळीला पाठवताना मी चिठ्ठीत लिहिलेले शब्द केरळच्या मुलाला तसेच कळले, यामागे फार मोठी मेहनत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपात शरीराच्या सुमारे पाच हजार रचनांना मिळून सुमारे पन्नास हजार नावं चालू होती. देशागणिक, शिक्षकागणिक वेगळी. 1895 मध्ये बाझल इथे शरीररचनातज्ज्ञांनी त्यांतून एकेक निवडून बाकीची बाजूला सारली. त्यानंतर ती यादी अनेकदा सुधारली गेली. 1998 मध्ये आलेल्या आंतरराष्ट्रीय परिभाषेतही दिशांची ही चौकट कायम राहिली.

आपल्याकडे दिशा नव्हत्या असं नाही. सुश्रुताने शव मुंज गवतात गुंडाळून वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवायला आणि मग कुंच्याने एकेक थर घासून बघायला सांगितलं आहे. त्याच्या शारीरस्थानात नाभीपासून निघणाऱ्या चोवीस धमन्या आहेत: दहा वर जाणाऱ्या, दहा खाली जाणाऱ्या, चार तिरक्या. आजच्या शरीररचनेशी त्या जुळत नाहीत, पण मोजायची सुरुवात कुठून करायची ते त्याने ठरवलं होतं. नाभीपासून. गर्भाकडे बघणाऱ्याला ते साहजिकच वाटलं असणार.

रुग्णाला यातलं काही ठाऊक नसतं, आणि तरी तो दिशा सांगतोच. “हयसून सुरू होता नि थय जाता,” असं म्हणत त्याचा हात कमरेच्या मागून निघतो, बाजूने वळसा घेतो आणि जांघेत उतरतो. मुतखडा मूत्रनलिकेतून सरकतोय हे त्या हातानेच सांगितलं. दुसरा बेंबीभोवती तळवा फिरवतो आणि म्हणतो काल इथे होतं, आज इथे, आणि उजवीकडे खाली एका बोटाने जागा दाखवतो. अपेंडिक्सचं दुखणं असंच सरकतं. 1889 मध्ये चार्ल्स मॅकबर्नी या अमेरिकन सर्जनने जी जागा सांगितली, ती कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकापासून बेंबीपर्यंत रेघ ओढली तर पहिल्या तिसऱ्या हिश्शावर येते. मुली बोटांनी ती रेघ एकमेकींच्या पोटावर मोजतात. तो हात आणि ते बोट बघायचं सोडून आधी सोनोग्राफीचा कागद मागणं मला बरोबर वाटत नाही.

उजव्या-डाव्याकडे परत येते, कारण तिथेच सगळ्यात जास्त धोका आहे. वर-खाली चुकणं अवघड. डोकं आणि पाय यांत गल्लत होत नाही. पुढे-मागेही तसंच. पण उजवा आणि डावा गुडघा दिसायला सारखेच. छातीचा एक्स-रे आपण रुग्णासमोर उभं राहून बघितल्यासारखा लावतो, म्हणजे त्याची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते. सीटी स्कॅनचा आडवा छेद त्याच्या पायांकडून बघितल्यासारखा, म्हणजे तिथेही तेच. मणक्याच्या शस्त्रक्रियेला मात्र रुग्ण पालथा असतो, तेव्हा त्याचं उजवं सर्जनच्या उजवीकडे येतं, आणि नजरेची सवय उलटी पडते. म्हणून एक्स-रेवर शिशाचं अक्षर ठेवतात. म्हणूनच 2008 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेसाठी जी तपासयादी आणली तिच्यात भूल देण्याआधीच रुग्णाला नाव, शस्त्रक्रिया आणि जागा विचारायची, आणि अंगावर खूण झाली आहे का बघायचं, हे आहे. मोतीबिंदूसाठी गेलेल्या आजीच्या भुवईवर पेनाने बाण काढलेला असतो. घरच्यांना तो विद्रूप वाटतो, कधीकधी कुणी ओल्या पदराने पुसायलाही जातं. कृपा करून पुसू नका.

ते शिशाचं अक्षर आणखी एका कारणाने लागतं. साधारण दहा हजारांत एका माणसाचे आतले अवयव आरशात बघावेत तसे असतात: हृदयाचं टोक उजवीकडे, यकृत डावीकडे. बहुतेकांना त्याचा काही त्रास नसतो आणि आयुष्यभर कळतही नाही. अक्षर नसेल तर असा एक्स-रे बघणारा फिल्म उलटी लावली असं समजून ती फिरवून ठेवेल. डावं-उजवं गर्भात ठरतं कसं, हे 1998 मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी उंदराच्या गर्भावर दाखवलं. गर्भावर एका खळग्यात अतिसूक्ष्म केस गरगर फिरतात आणि भोवतीच्या द्रवाला डावीकडे वाहवतात. तो प्रवाह डाव्या बाजूला खूण पोचवतो. ज्यांचे हे केस जन्मतः हलत नाहीत त्यांच्यातल्या जवळपास निम्म्या जणांचे अवयव उलट बाजूला जातात, कारण प्रवाह नसला की बाजू नशिबाने ठरते. सुमारे दीड किलोच्या यकृताची, छातीतल्या धडधडीची जागा एका न दिसणाऱ्या ओढीने ठरावी, हे वर्गात सांगताना मला दरवेळी नवं वाटतं.

हृदय डावीकडे असतं, असं आपण सहज म्हणतो. ते छातीच्या हाडामागे, मध्याशी असतं. त्याचा सुमारे दोन तृतीयांश भाग मध्यरेषेच्या डावीकडे. आणि ‘उजवं हृदय’ बरंचसं पुढे आहे, ‘डावं’ मागे. समोरून दिसतो तो मुख्यतः उजवा कप्पा, आणि डावं अलिंद (डावीकडचा वरचा कप्पा) तर अगदी मागे, अन्ननलिकेला टेकलेलं. घशातून नळी घालून केलेल्या इकोमध्ये ते इतकं स्वच्छ दिसतं ते त्यामुळेच. चित्रातलं सपाट हृदय बघून शिकलेल्यांना हे सांगावंच लागतं.

आपण दोन पायांवर उभे राहिलो त्यानेही थोडा घोळ झाला. बांगड्याचं डोकं त्याच्या पुढे असतं, आपलं आपल्या वर. बांगड्याची पाठ त्याच्या वर, आपली आपल्या मागे. प्राण्यांच्या शरीरशास्त्रात डोक्याकडे, शेपटीकडे, पाठीकडे, पोटाकडे असं बोललं की मासा, म्हैस आणि माणूस एकाच मापात बसतात. वर-खाली-पुढे-मागे हे शब्द मात्र फक्त उभ्या माणसाचे. मेंदूत तर दिशाच वाकते, कारण उभं राहताना नजर समोर ठेवायची तर मेंदूचा अक्ष मधेच काटकोनासारखा वळावा लागला.

बाळंतपणात दोन शरीरं असतात, आणि दोघांच्या दिशा एका वाक्यात बसवाव्या लागतात. बाळाचं डोकं खाली असेल तर बाळाचं ‘वर’ ते आईचं ‘खाली’. प्रसूतिगृहात आम्ही बाळाच्या डोक्याचा मागचा भाग धरतो, आणि तो आईच्या कुठल्या बाजूला आहे ते सांगतो: आईच्या डावीकडे पुढे, उजवीकडे मागे, असं. अवयव बाळाचा, दिशा आईची. डोक्याचा मागचा भाग आईच्या पाठीकडे असला की कळा कमरेत येतात आणि बाळंतपण बहुधा लांबतं. जुन्या सुइणी पोटावर हात ठेवून हे ओळखायच्या, त्याला त्यांनी कुठलंही नाव दिलं नाही तरी. आमच्या मुलींना मी आधी हात ठेवायला लावते, नाव नंतर.

हल्ली अर्धा दवाखाना फोनवर चालतो. मुलं मुंबईला, आई-वडील गावाला, आणि मध्ये व्हॉट्सॲपवरचा फोटो. त्यासाठी एक कळकळीचं सांगणं आहे. पुढच्या कॅमेऱ्यातून बघताना स्वतःचं चित्र आरशासारखं उलटं दिसतं, आणि काही फोन फोटोही तसाच जपून ठेवतात. म्हणून जखमेचा, चट्ट्याचा फोटो मागच्या कॅमेऱ्याने काढा. एका चिठ्ठीवर ‘उजवा’ किंवा ‘डावा’ लिहून ती शेजारी ठेवा. अक्षरं उलटी आली तर फोटो उलटा आहे हे मला लगेच कळतं. आणि अगदी जवळून फक्त कातडीचा फोटो काढू नका. मनगट, कोपर, घोटा, काहीतरी एक सांधा त्यात येऊ द्या, आणि बोटांचं टोकही. म्हणजे मला आई पुढ्यात उभी करता येते.